विमान वचूं दी

आमच्या घरात वाक्यं दोन तुकड्यांत बोलतात,
एक विमानाआधी, एक विमानानंतर.
मधल्या वेळात तोंड उघडं ठेवून थांबायचं,
दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखं.

मी आजऱ्याची. लग्न होऊन चिखलीला आले
तेव्हा सासऱ्यांनी शिकवलेलं पहिलं कोंकणी हेच:
राव, विमान वचूं दी.
थांब, विमान जाऊ दे.
मला वाटलं, इकडची म्हण असेल.

सकाळी नौदलाची लढाऊ.
त्यांचा आवाज येत नाही, फाटतो,
मांजरपाट फाडावा तसा
या काठापासून त्या काठापर्यंत एका हिसक्यात.
रात्री प्रवाशांची, सीझनला चार्टर,
इतकी खाली की चाकं मोजावीत.
खिडक्यांना अजून शिंपांची तावदानं आहेत,
खालच्या खाडीतलीच शिंपं.
त्यांना आधी कळतं,
कुत्र्याच्याही आधी.
चौकटीत ती कुडकुडू लागली
की आम्ही बोलणं जिथल्या तिथे ठेवतो
आणि कुकरच्या शिट्ट्या
मी वाफ बघून मोजते.

ओठ वाचायला इथे कुणी शिकवत नाही.
पियेदादच्या पाच वर्षांच्या नातवाला येतं.
भांडणंसुद्धा त्यामुळे बरी होतात आमच्याकडे,
निम्मी नुसती बघायची.

मार्चात एक माणूस आला आवाज मोजायला.
बलकांवात तिकाटण्यावर यंत्र लावून
तीन तास बसला.
एक विमान नाही.
पोदेराचा भोंगा त्याने नोंदवला,
एक कावळा, आणि मी बशीत ठेवलेला कप.
कागदावर आमचं घर शांत आहे.
तो फाटकाबाहेर पडला आणि तावदानं वाजली.
मी त्याला पायरीवरून जे काही म्हणाले
ते त्याला ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

सासरे गेले नोव्हेंबरात.
रात्रीचे दोन वाजून गेले होते.
खाटेभोवती आम्ही चौघं.
दोन दिवस बोलले नव्हते, डोळे उघडले,
रोहिदासला बोटाने जवळ बोलावलं,
आणि शिंपं कुडकुडली.

ओठ हलले.
बराच वेळ हलले, असं नणंद म्हणते.
मला तरी तसं वाटलं नाही.
विमान धावपट्टीला टेकलं, उलट्या इंजिनांचा तो गुरगुराट
डोंगराच्या पलीकडे विरत गेला.
मग खोलीत इतकं सगळं ऐकू येऊ लागलं,
पंखा, फ्रीज, परसातलं नळाचं थेंब थेंब,
फक्त ते नाही.

बाराव्याला उल्हास म्हणाला,
भाट माझ्या नावावर कर, म्हणाले, मी बघितलं.
नणंद म्हणाली, आईचं नाव घेतलं.
रोहिदास म्हणतो, पाणी.
बाकी काही नाही, पाणी, आणि मी दिलं नाही.
तो अजून रात्री उठून तांब्या भरून ठेवतो
त्या रिकाम्या खाटेशी.
भाटाचं प्रकरण वास्कोच्या कोर्टात आहे.
वकिलाने मला विचारलं, तुम्ही पायथ्याशी होता,
तुम्हाला समोरून दिसलं असेल.

दिसलं.
सव्वीस वर्षं मी तेच ओठ वाचत आले,
चुकणं शक्य नाही.
ते नेहमीचंच म्हणत होते, बोट जरा वर करून,
राव, विमान वचूं दी.

कोर्टात मी आठवत नाही म्हणून सांगितलं.
घरीही बोलले नाही.
रोहिदासला सांगायला दोनदा सुरुवात केली.
एकदा खरोखरच विमान आलं.
दुसऱ्यांदा आलं नाही.
मी तरी थांबले,
तोंड उघडं, खिडकीकडे बघत,
आणि तोही थांबला,
हातात तांब्या, आवाज जाण्याची वाट बघत.