नापतौल

विद्यापीठातून आलेली ती मुलगी, ऋजुता,
जनकगंजच्या गल्लीत दोनदा चुकून
घामाघूम पोचली. हातात छापील फॉर्म.
आधी वय विचारलं.
एकसष्ट, म्हणाले मी. आहे सदुसष्ट.
मग मुद्द्यावर आली:
"काकू, तुम्ही एकतीस वर्षं नापतौल खात्यात.
लबाडी जास्त कोण करतं?
बाया, की पुरुष?"

पाणी दिलं तिला. पंखा वाढवला.

दौलतगंजातला मुरारीलाल आठवला.
त्याचं किलोचं वजन उलटं केलं
तर बुडाच्या भोकातलं शिसं खरवडलेलं,
वर काळं मेण, मेणावर
आमच्याच खात्याच्या शिक्क्याची नक्कल.
त्रेचाळीस ग्रॅम.
"लोखंड है मैडम, घिसता है,"
म्हणाला, आणि लस्सी मागवली.
मी प्यायले नाही. शिपाई प्यायला.

आणि गेंदाबाई. मोडीचं तांबं-पितळ घेऊन
स्टीलचे डबे देणारी.
तिचंही वजन उलटं केलं:
खरवडणं दूरच, शिसं वरून ओतलेलं!
किलोमागे साठ ग्रॅम जड.
नोकरीत नवी होते, चक्रावले.
जड वजन ठेवून कोणी स्वतःला बुडवतं का?
शिपाई मिशीत हसला:
"बाई बेचती नहीं, मैडम. खरीदती है."

त्या रात्री वहीत लिहिलं होतं मी, शहाणीनं:
पुरुष हलकं करतात, बाया जड.
आठवड्याच्या आत छावणीतल्या रद्दीवाल्यानं
आणि चक्कीवाल्या सरजूबाईनं
ते वाक्य खोडायला लावलं.

आमची भाषाही काही पत्ता लागू देत नाही.
लबाडी ती. खोटेपणा तो.
आणि वजन, ते बिचारं नपुंसक.

"पण आकडे असतील ना?" ऋजुता म्हणाली.
आहेत. शंभर खटल्यांत नव्वद पुरुष.
पण बाळ, शंभर दुकानांवरच्या
पंच्याण्णव पाट्या कोणाच्या नावाच्या?
काट्यामागे उभं राहायला ज्याला मिळालं
त्याचाच काटा तपासला मी.
घरात भाजी वाढणाऱ्या हाताचं
मोजमाप करायला
खात्यानं कधी पाठवलं नाही.

गेंदाबाई दंड भरताना रडली.
मी वीस रुपये कमी केले.
मुरारीलाल हसला, त्याचे नाही केले.
तिचं रडणं खरं होतं की ओतलेलं,
ते वजन उलटं करून पाहिलं नाही मी.
हे ऋजुताला सांगितलं नाही.

हेही नाही सांगितलं:
आमचे हे गेले, त्या हिवाळ्यात
त्यांच्या स्वेटरच्या घडीत
पोस्टाचं एक पासबुक निघालं.
चौदा वर्षं, महिना पन्नास, माझ्या चोरून.
इतकी संतापले की
सुतकातच शिवणमशिनच्या पोटातलं
माझं काढून शेजारी ठेवलं.
महिना साठ. सतरा वर्षं.
त्यांच्यात वारस म्हणून माझं नाव.
माझ्यात बहिणीचं.
तिच्या फॉर्मवर रकाने बरेच होते,
पण असला एकही नव्हता.

"मग काय लिहू, काकू?"

मी तिला पेटीबद्दल सांगितलं.
लाकडी पेटी, आत मखमल, मखमलीत
खात्याची पितळी वजनं. खरी.
बोटानं उचलायची नाहीत, चिमट्यानं.
हाताचा घाम लागला तरी बिघडतात.
तरीही वर्षातून एकदा भोपाळला जायची,
त्यांच्याहून खऱ्या वजनांसमोर उभी राहायला.
"आणि त्यांना कोण तपासतं?"
ती दिल्लीला जातात, म्हटलं.
त्यापुढचं मला माहीत नाही.

तिनं "सांगता येत नाही"वर खूण केली,
फॉर्म माझ्याकडे फिरवला.
वयाच्या घरात एकोणसाठ लिहिलेलं.
ऐकण्यात चूक, की साठीच्या आतली
कोणी एक तिला कमी पडत होती,
कोण जाणे.
मी चष्मा पुसला,
आणि सही केली.