मधली फळी

पंपाची मोटार भरून झाली
की मी शटर अर्धं ओढतो
आणि लॅपटॉपवर एक पेटी उघडतो.
पेटी अजून नाहीच.
तिचे लिटर आहेत, इंच आहेत,
आणि एक निळी रेघ, टेकडीसारखी:
अलीकडून चढते, माथ्यावर जरा चालते,
पलीकडे उतरून जाते.
माथा पस्तीसपासून सत्तरपर्यंत हवा.
वरचं ऐकायला घरात दुसरे स्पीकर आहेत.

स्पीकर दिग्रसच्या बिछायत केंद्राचा,
बारा इंची, सतरा वरातींत जळालेला.
त्याची कॉइल मीच भरली,
केसाएवढ्या तारेने, श्वास धरून.
मग एक रोध, एक मल्टिमीटर लावून
त्याला त्याचा स्वतःचा सूर विचारला.
एकतीस, म्हणाला.
एवढं तर माणूसही सरळ सांगत नाही.

केशव वाढई फळीवर पेन्सिल ओढता ओढता थांबला.
"स्पीकर आत, मधल्या फळीवर?
मांगची खोली बंद, पुढच्या खोलीले नळी?
मंग दिसत नाही त बसवता कायले?"
मी रिकाम्या सुरईच्या तोंडावर फुंकर घातली.
ती हुंकारली.
अर्धी भरून पुन्हा फुंकली. आवाज चढला.
केशवने पेन्सिल कानामागे खोचली.
"म्हंजे आत खोलीभर हवा,
अन् तिले जायले एवढीशीच वाट."
चार वर्षं मी जे वाचतोय ते हेच.

मागे तीस लिटर, पुढे बावीस.
बोअरच्या कामातून उरलेला चार इंची पाईप,
तेरा इंचांवर कापलेला.
कडांना फेविकॉल आणि लाकडाचा भुसा.
रेघेत सगळं होतं,
फटीतून गळणारी हवासुद्धा.
फक्त आमच्या पत्र्यासाठी रकाना नव्हता.
बेचाळीसला पत्रा बोलला.
सत्तेचाळीसला फडताळातल्या ताटल्या.
सुषमाने जुन्या लग्नपत्रिका दुमडून
दोन-दोन ताटल्यांमध्ये खोचल्या
आणि म्हणाली, आता वाजवा.

मंगळवारचं भजन मी फोनवर धरून ठेवलं होतं.
फोनमधून टाळ येतात, पेटी येते,
तानबाजीचा डग्गा मात्र येत नाही,
नुसती टिचकी येते, कोणी डबा बंद केल्यासारखी.
म्हणून हा सगळा खटाटोप.
तानबाजीला खुर्ची दिली.
डग्ग्याची कणीक अजून त्याच्या नखांत होती.
लावलं.
जमीन भरून आली.
माझ्या पोटात, खुर्चीच्या पायांत,
बाहेर बांधलेल्या कालवडीच्या कानांत.
केशव हसला. मी तानबाजीकडे पाहिलं.

त्याने मान हलवली, पण तशी नाही.
"गोड हाये. पण माहा नोय."
मग मांडीवर एक थाप मारून हात उचलला.
"मी हात उचलला, तरी तुह्यं वाजूनच रायलं.
थापेपेक्षा थांबणं कठीण असते, बापू."

रात्री रेघ पुन्हा उघडली.
माथ्यावर एक उंचवटा होता, लहानसा,
मीच ठेवलेला, कौतुकाने.
जास्त आवाज तिथूनच येत होता
आणि तिथेच तो रेंगाळत होता.
मधली फळी सव्वा इंच पुढे सरकवली,
मागे चौतीस, पुढे अठरा.
पाईपाला कपलिंग लावून साडेतीन इंच जोडले.
उंचवटा बसला. टेकडी बुटकी झाली.
आवाज कमी होणार, हे रेघ लपवत नव्हती.

सकाळी केशवने न विचारता पटाशी घेतली.
चिकटवलेली फळी निघताना रडते.
नवी बसवली ती फक्त स्क्रूवर,
सोळा स्क्रू, कडेने फोमची पट्टी.
"फेविकॉल?" त्याने विचारलं.
म्हटलं, थांब.
येता मंगळवार जाऊ दे.