पिवळं हेल्मेट, पांढरं हेल्मेट

चरईतल्या त्या इमारतीत मी दोनदा गेले.
पहिल्यांदा मालकाच्या वतीने, पिवळं हेल्मेट घालून.
दुसऱ्यांदा भाडेकरूंच्या, पांढरं.
हातोडी एकच होती.
एवढी महागाची वस्तू दोन-दोन कोण घेणार,
पेठेसर म्हणाले.

वागळे इस्टेटमध्ये आमच्या एका गाळ्याला दोन पाट्या आहेत.
आत मधोमध जिप्समची भिंत.
अलीकडे एक कंपनी, पलीकडे दुसरी,
चहा मात्र एकाच किटलीतला.
"या भिंतीतून कागद जात नाही," सर गिऱ्हाइकांना सांगतात,
आणि खरंच, कागद जात नाही.
मी जाते.

जिन्याखालचा खांब. प्लास्टर खरवडलं,
हातोडी टेकवली, दाबली. ठक्.
अठ्ठावीस.
पंधरा दिवसांनी तोच खांब, तीच खडूची चौकट,
माझ्याच हाताची, अजून न पुसलेली.
ठक्. अठ्ठावीस.
खांबाला कुठे माहीत, कोण विचारतंय.

एका अहवालात अठ्ठावीसच्या पुढे
"चिंताजनक, तातडीने रिकामी करावी".
दुसऱ्यात "वयोमानाप्रमाणे ठीक, दुरुस्तीयोग्य".
दोन्ही वाक्यं मीच टाइप केली.
शुद्धलेखन दोन्हींत चोख.

दुसऱ्या मजल्यावर सुनेत्रा टिपणीसांनी पाणी दिलं.
एलआयसीत आहेत, आकड्यांवर नजर बसलेली बाई.
पेला परत घेता घेता म्हणाल्या,
"मागे तुमचं हेल्मेट पिवळं होतं ना?"
रागावल्या नव्हत्या.
"हो," म्हटलं मी.
त्यांनी पंखा जरा वाढवला,
पदराने पेला पुसला,
"मग, कसा आहे आमचा खांब?"
कुणाच्या वतीने सांगावं, सुचेना.

अहवालाच्या शेवटच्या पानावर एक रकाना असतो:
सदर वास्तूशी पूर्वसंबंध, आहे किंवा नाही.
मी "आहे"वर खूण केली.
पान परत आलं, पेन्सिलीने लिहिलेलं: "चुकून?"
पुन्हा केली. पुन्हा आलं.
तिसऱ्यांदा आलंच नाही.
अहवाल पुढे गेला,
कुठल्या खुणेसकट, मला कुणी दाखवलं नाही.
मीही मागितलं नाही, हेही लिहून ठेवते.

काल सगळे गेल्यावर
हातोडी आमच्या जिप्समच्या भिंतीला लावली.
दाबली.
आकडा आला नाही.
नुसतं भोक पडलं, रुपयाएवढं,
आणि पलीकडच्या टेबलावर
माझंच पांढरं हेल्मेट दिसलं,
पालथं.