पंचवीस सेंटिमीटर

कोसंबटोल्याच्या टोकाला पत्र्याची शेड,
शेडमध्ये चारशे बारा पेट्या,
पेट्यांत दगडाच्या कांड्या,
लेकरांसाठी ऊस मोडून ठेवावा तशा.
प्रत्येक कांडी उभी चिरलेली:
अर्धी प्रयोगशाळेला गेली, अर्धी इथे.
विकणारे म्हणतात, खाली तांबं आहे, सोबत कोबाल्ट.
घेणारे म्हणतात, बघून ये.
मी ती बघून येणारी.

पहिल्या दिवशी नुसतं पाणी मारते.
कोरडा दगड बोलत नाही.
ओला झाला की वर येते काडीएवढी पिवळी रेघ,
तिच्या काठाला मोराच्या मानेचा निळा,
आणि फटीफटीतून हिरवा गंज,
न घासलेल्या पळीवर चढतो तसा.
तांबं दिसतं.
कोबाल्ट दिसत नाही. ते अहवालात असतं.

दसरू आत्राम अकरा वर्षं राखण करतोय.
पगार सहा वर्षं आला.
मग कंपनी बदलली, मग पाटी बदलली,
मग पाटीही वाऱ्यानं नेली.
किल्ली याच्याकडेच राहिली.
"मग कुलूप कशाला?"
"पोट्टे येतेत जी. गोटे नेऊन बोरं पाडतेत."

नकाशावर भोकं अकरा. मी दहा मोजली.
सातवं जिथे हवं, तिथे मोह उभा,
तीन माणसांच्या कवेतही न मावणारा.
याच्या बुंध्यातून कुणी एवढं खोल गेलं असेल
तर झाडाला काही पत्ता नाही.
दसरू हसला. "इकडं या."
नाला ओलांडून दीडशे पावलं,
गोवऱ्यांच्या ढिगाखाली सिमेंटचा ओटा,
ओल्यात बोटानं काढलेला सात.
"त्या सायबाच्या पायात काटा मोडला होता जी.
थो झाडाखालीच बसून लिवला."
वहीत लिहिते:
सातवे भोक आहे. सांगितले तिथे नाही.

मग सातव्याची पेटी एक्केचाळीस.
एकशे बारा चाळीस ते एकशे बारा पासष्ट,
रिकामी खाच, त्यात कोळ्याचं जाळं.
अहवालात नेमका इथलाच आकडा सगळ्यात मोठा.
त्याच्याच जोरावर पुढची सगळी पानं,
किती टन, किती वर्षं, किती कोटी.
मी दसरूकडे बघते.
दसरू स्वतःच्या अंगठ्याकडे.

झिबलाबाईच्या चुलीपाशी पाटा,
पाट्यावर लसूण, सुकी मिरची,
आणि वरवंटा, इतका एकसारखा
की नदीला तो कधी जमला नसता.
"जुना फुटला होता," ती म्हणते.
"हा हातात बसला. कोनाचा काय बिघडला?"

मी तो धुऊन मागते.
फिरवते. पुन्हा फिरवते.
एका अंगानं वाटून वाटून चपटा,
बाकी गोल.
अख्खा गोल.
करवतीचा दात कुठेच लागलेला नाही.

बाहेर कोंबडी खुराड्यावर चढायला बघतेय.
दसरू विचारतो, "बिघडलं का जी काही?"
मला लगेच उत्तर देता येत नाही.
याची अर्धी गेलीच नाही कुठे.
मग तिकडे नागपुरात
कुणी, कुठला दगड दळला?
की दळलाच नाही,
नुसतं बसून लिहिलं,
पायात काटा नसताना?

भिंगाखाली रेघ आहे. एकच. केसाएवढी.
ती किती, हे अजून कुणालाच माहीत नाही,
मलाही नाही.

"हा मला न्यावा लागेल," मी म्हणते.
"बदल्यात चांगला पाटा-वरवंटा आणून देते."
झिबलाबाई माझ्याकडे बघत राहते,
माझ्या टोपीकडे, गळ्यातल्या भिंगाकडे,
मग पाट्यावरच्या अर्ध्या मिरचीकडे.
"न्या," म्हणते, "पन आधी चटनी होऊ द्या."

मी चुलीपाशी बसते, पट्टी मांडीवर.
लांबी चोवीस पूर्णांक सहा.
उरलेले चार मिलिमीटर
दसरूच्या नऊ वर्षांच्या भाकरीत.
त्याचा रकाना माझ्याकडे नाही.