कठडा

बँकेच्या पायऱ्या तीन.
मी टेपनं मोजल्या :
पहिली साडेअकरा इंच, दुसरी नऊ,
तिसरी परत अकरा.
गवंड्याचं त्या दिवशी घरी काहीतरी बिनसलेलं असणार.

मानवतच्या मोंढ्यामागं माझं वेल्डिंगचं दुकान.
समोरच बँक, म्हणून दिसायचं
निराधारचे पैसे जमा झाले की :
प्रयागबाई धोंगडे खाली उभ्या,
पासबुक पिशवीत, पिशवी दातात,
वरून उतरणाऱ्या कुणाचा हात पुढं येतो का ते बघत.
मागणं त्यांना जमत नाही.
"कामून कुणाच्या वाटंत यावं, बाबा."

एका रविवारी उरलेल्या पाइपाचा कठडा जोडला.
मॅनेजरला सोमवारी सांगितलं.
रंगही दिला, निळा,
कुणाच्या तरी गेटातून उरलेला.
लोक म्हणाले, लई चांगलं केलंस मोईन.

प्रयागबाई आल्या. बघितलं. थांबल्या.
कठडा उजवीकडं.
त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून
झोपलेल्या लेकरासारखा पोटाशी.
"इचारलं असतंस तर सांगितलं असतं,"
एवढंच.

मग डावीकडं दुसरा लावला,
माझ्या कमरेइतका.
केरबानाना त्याच्या खालून बघू लागले
गव्हाणीतून वासरू बघतं तसं;
पाठीनं त्यांना कधीच अर्धं केलंय.
वीतभर खाली अजून एक पाइप आला.

मग मे आला.
ऊन लोखंडात मुक्कामाला.
मेहरुन्निसा खालानं हात लावला, झटकला,
"बेटा, इसपे रोटी सिकती रे."
दुसऱ्या दिवशी पाइपाला सायकलची जुनी ट्यूब.
कुणी गुंडाळली माहीत नाही.
गाठ मात्र बायकांची,
कापसाच्या गाठोड्याला मारतात ती.

आत मशिनीवर अंगठा उमटत नाही
ते माझ्या हातात नाही.
साठ वर्षं बोंडं वेचल्यावर
रेघा शिल्लक राहत्यात कुठं.
पायऱ्याही अजून तेवढ्याच उंच.
नगरपालिकेतला अर्ज कुठल्या टेबलावर आहे
ते टेबल सापडलेलं नाही.

काल चेक भरून उतरताना
उजवा गुडघा कट्‌कन बोलला.
त्रेचाळीस वय माझं. इकडंतिकडं बघितलं,
हात हवेत तसाच.

खालून प्रयागबाई म्हणाल्या,
"डावीकडून ये रे.
तिकडचा पक्का हाय."