घडीची पट्टी

फाइलीत लिहिलं होतं : उंची एकशे बारा.
त्या आकड्यावरून मी दारामागे खुंटी ठोकली
तिच्या कोटासाठी. हात वर केला की पुरेल अशी.
होड्या बांधणारा माणूस मी, किओज्जाचा,
माप मिळाल्याशिवाय मला
कशावरही विश्वास ठेवता येत नाही.

फाइल दीड वर्ष जुनी होती.
ते ओर्नेल्लाच्या ध्यानात आलं विमानात,
सँडविचचा कागद सोडताना.
"तुल्लिओ, मुलं वाढतात रे."
मग सोफियापर्यंत आम्ही काहीच बोललो नाही.

पुढं चार तास गाडी.
वाळून काळी पडलेली सूर्यफुलं,
विजेच्या खांबांवर करकोच्यांची रिकामी घरटी.
दुभाषी पेत्कोवाबाई मागे वळून सांगत होत्या
काय करायचं नाही ते :
पहिल्या दिवशी मिठी नाही. रडणं तर नाहीच.
आई, बाबा हे शब्द तिच्याआधी आपण काढायचे नाहीत.
मी मान डोलावत राहिलो.
त्या जरा चमकून बघत होत्या, हे आता आठवतं.

व्हिदिन. तिथं डॅन्यूब इतकी रुंद
की पलीकडचा देश म्हणजे एक पुसट रेघ.
बालगृहाच्या जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास
आणि नेवेना,
हिरव्या स्वेटरच्या बाह्या मनगटांवर आखूड झालेल्या,
कुणाच्याही मागे न लपता उभी.
(एका पिवळ्या फुलाचं नाव आहे म्हणे ते. जखमेवर लावतात.)

त्या दिवशी ती बोलली नाही.
माझ्या खिशातून डोकावणारी घडीची पट्टी मात्र
तिनं न विचारता ओढून काढली,
दोन मीटरची, एक सांधा ढिला,
आणि मोजायला घेतलं.
खिडकी. बाक. झोपलेला कुत्रा,
एकदा शेपटीसकट, एकदा शेपटीशिवाय.
स्वयंपाकघरातल्या स्तान्कामावशीची कंबर;
पट्टी वळेना, मावशी हसून हसून खोकायला लागली.
मग स्वतः भिंतीला टाचा टेकून उभी राहिली
आणि पट्टी माझ्या हातात दिली.
एकशे एकोणीस.
सात सेंटिमीटर, आमच्याशिवाय.

चौथ्या दिवशी बाईंनी तिला विचारलं,
विचारावंच लागतं, नियम आहे :
जाशील यांच्याबरोबर?
नेवेनानं मान हलवली. खाली, वर. पुन्हा खाली, वर.
ओर्नेल्लाला हुंदका फुटला,
माझाही चेहरा उजळला असणार, कारण
बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि हलकेच म्हणाल्या,
"आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो."

नदीतून वाळूनं भरलेला एक पडाव चालला होता.
तो नजरेआड होईपर्यंत आम्ही तोच बघत बसलो.
नेवेना पट्टीची घडी घालत होती, टक्, टक्,
चुकलं की पुन्हा उघडून.
सात वर्षांच्या पोरीनं का म्हणावं हो?
म्हातारपणाला टेकलेले दोन परके,
एक सारखी डोळे पुसते,
दुसऱ्याच्या नखांत डांबर.

पाचव्या दिवशी निघायचं होतं. कोर्ट, शिक्के,
चार महिने, कदाचित सहा.
पुन्हा तिला कुणी काही विचारलं नाही. मी विचारू दिलं नाही.
पट्टी परत द्यायला ती फाटकापर्यंत आली.
ठेव, मी म्हटलं, माझ्याच भाषेत.
तिनं पट्टी जमिनीवर लांब केली,
तिच्या बुटाच्या टोकापासून माझ्या बुटाच्या टोकापर्यंत,
आणि आकडा मोठ्यानं वाचला, तिच्या भाषेत.
मला कळला नाही.
बाई गाडीत जाऊन बसल्या होत्या.

घरी आल्या आल्या खुंटी उपटली, सात सेंटिमीटर वर ठोकली.
मग सुचलं : चार महिने. कदाचित सहा.
तीही उपटली.
दाराला आता दोन भोकं आहेत
आणि खुंटी माझ्या कामाच्या खिशात,
खिळे शोधताना हाताला लागते.
हल्ली हो म्हणायचं असलं
की मी मान आडवी हलवतो.
ओर्नेल्ला म्हणते, अजून जमत नाही तुला,
जरा सावकाश.