हवा बघून घ्या

सावद्याच्या धर्मकाट्याजवळ माझी टपरी.
एकतीस वर्षं झाली.
दिल्लीला निघालेला केळीचा ट्रक
वजन करून आला की आधी माझ्याकडे.
मी लगेच गेज लावत नाही,
टामी उचलून टायरवर हाणतो.
टण्ण वाजलं, तर जा बाप्पा.
धप्प वाजलं, तर थांब.
सगळ्यात लबाड जोडचाकातलं आतलं चाक.
ते बसलं तरी कुणाला कळत नाही,
बाहेरचं त्याचा भार गुपचूप ओढतं,
ड्रायव्हर म्हणतो, गाडी मक्खन चाललीय.

हे मी हजार जणांना समजावलंय.

मग दोन उन्हाळ्यांपूर्वी
ट्यूब बुडवायचं पाण्याचं घमेलं,
डाव्या पायाशी कायम असायचं,
त्यालाच मी लाथाडू लागलो.
मोटरसायकली डावीकडून एकदम उगवायच्या,
जमिनीतून निघाल्यासारख्या.
जैनब म्हणायची, ताटात ठेचा वाढलाय की.
मी म्हणायचो, कुठंय?
दुखत नव्हतं. लाल नव्हतं. पाणी गळत नव्हतं.
फक्त गेजवरचे आकडे बारीक झाले होते,
म्हणून चष्म्याला फैजपूरला गेलो.

तिथली हेमांगी म्हणाली, हनुवटी इथं ठेवा काका,
आणि यंत्रानं माझ्या डोळ्यात
फुक् करून हवा मारली.
मला हसू आलं. हवा भरतेस की काढतेस, पोरी?
बघतेय, म्हणाली.
पुन्हा फुक्. पुन्हा.
चौथ्या वेळी ती हसत नव्हती.
डावा चौतीस. उजवा अठ्ठावीस.
किती पाहिजे?
एकवीसच्या आत.

ट्रकला एकशे दहा लागते,
ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला तीस.
डोळ्यालाही हिशोब असतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याला वाल्व नाही, टोपण नाही,
खिळा घुसून फुस्स होईल असंही नाही.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी
एका पांढऱ्या भांड्यात डोकं घालायला लावलं,
ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या.
मी वाट बघत बसलो. ठिपके येऊन गेले.
कागद निघाला तो डावीकडे काळा,
वंगण सांडल्यासारखा.
काचबिंदू.
गेलं ते येणार नाही, उरलंय ते राखू.
रिमोल्ड, ठिगळ, काहीच नाही? विचारून पाहिलं.
मान हलवली त्यांनी.
मग म्हणाल्या, घरात आधी कुणाला होतं?

बा अठ्ठावन्नाव्या वर्षी भिंत धरून चालायचा.
आम्ही म्हणायचो, मोतीबिंदू आहे,
पिकू द्या, मग काढू.
सात वर्षं वाट बघितली, रायपनिंगला लावलेल्या घडासारखी.
तो पिकणारा नव्हताच.
हे मला त्या खुर्चीत कळलं,
आणि उठायचं सुचेना.

धाकटा नजीर म्हणाला,
मला इथून सातपुड्यावरचं झाड न् झाड दिसतं.
म्हटलं, मलाही दिसायचं.
ऐकेना. शेवटी त्याच्या ट्रॅक्टरच्या
पुढच्या चाकाचा वाल्वच काढून खिशात टाकला.
तीन दिवस शिव्या घातल्या त्यानं.
चौथ्या दिवशी आला माझ्यासोबत.
पंचवीस निघाली. कागद अजून पांढरा.
परतताना एसटीत एक शब्द बोलला नाही,
फैजपूरला उतरून दोन प्लेट शेवभाजी मागवली,
पैसे त्यानंच दिले.
वाल्व मी रात्री बसवला.

आता टपरीच्या पत्र्यावर खडूनं मांडून ठेवतो.
चौतीस. बावीस. अठरा. सतरा.
मध्ये एकदा चोवीस,
मेहुणीच्या घरचं लग्न होतं, थेंबाची बाटली इथंच राहिली.
रात्री नऊला मोबाइल ओरडतो,
जैनब डोळ्यात थेंब टाकते,
मी उगाच तोंड उघडतो.

काल हरियाणाचा एक ड्रायव्हर
पत्रा वाचत उभा राहिला.
ही कुठली गाडी उस्ताद,
इतक्या कमी हवेवर चालते?
मी मान पूर्ण डावीकडे वळवून
त्याच्या जोडचाकात हात घातला होता,
आतलं चाक चाचपत.
तसाच विचारलं,
तुझं वय काय?